कामाकुरात हरवलेले जावयाचे बूट

“आदित्यराव, कोणाचा विश्वास बसणार नाही, पण काल कामाकुराच्या फलाटावर मी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं,” जपानात फुनाबोरीला जावयाच्या घरी नाश्ता करताना मी सुरुवात केली. “बाकावर एक मराठी म्हातारा, त्याची बायको आणि लेक. पहिली बोलली ती लेक.”

“बाबा, सलग सहा दिवस कामाकुराच? सोमवारी बुद्ध, मंगळवारी बुद्ध, बुधवारी बुद्धाची पाठ!”

“ऐतिहासिक शहर आहे गं. घाईत नाही बघता येत.”

“इतिहास कसला? सोमवारी ह्यांनी जावयाचे नवे बूट देवळाबाहेर काढले आणि तिथल्या सपाता घालून भलत्याच दाराने बाहेर पडले.”

“आई! परवा क्लायंटकडे जाताना तेच बूट घालणार आहे तो!”

“म्हणून तर शोधतोय.”

“कुठलं देऊळ होतं, बाबा?”

“लाकडी. मोठं छप्पर. बाहेर एक झाड.”

“इथे सगळी तशीच आहेत!”

“दाराशी त्सुनामीच्या इशाऱ्याची पाटी होती.”

“ती त्या मोठ्या भूकंपानंतर गल्लोगल्ली लावलीय!”

“लग्नात मेव्हण्या बूट पळवतात. इथे सासऱ्यानेच पळवले!”

“हळू बोल. इथे मराठी कोणाला कळत नसलं तरी मला कळतं.”

आदित्यरावांनी चहाचा कप खाली ठेवला.

“बाबा, तुमची लेक मिताली सोमवारपासून मला रोज त्या बुद्धाचेच फोटो पाठवतेय. तो म्हातारा तुम्हीच आहात.”