आपटेकर मॅडमचं राहिलेलं मोजमाप

इस्रायलहून आलेले मॅडमचे भाऊ शमुवेलकाका, प्राचार्य सर, आणि मित्रहो,

हातातली कामं टाकून तुम्ही सगळे मॅडमच्या शोकसभेला आलात. मी सुजाता, जासई गावची. लीया आपटेकर मॅडमच्या हाताखाली पीएचडी करते.

मॅडम नेमकं काय करायच्या? माझी आई एकदा प्रयोगशाळेत आली, तिने हेच विचारलं. "नळ्या दिसतच नाय, मग तुमी बघता काय?" मॅडमनी तिला खुर्ची दिली आणि समजावलं. कार्बनच्या या नळ्या केसापेक्षा हजारो पट बारीक. त्यांच्यावर पेप्टाइडचा, म्हणजे प्रथिनाच्या लहानशा तुकड्याचा थर चढवला, तर त्यांच्यातून वाहणारी वीज बदलेल. हवी तशी बदलता आली, तर त्यातून रोग ओळखणारी उपकरणं बनतील.

पहिल्यांदा वीज बदलली, तेव्हा आम्ही पेढे वाटले. शोधनिबंध छापून आला. आणि मग मॅडमनी त्याच नळ्या धुऊन पुन्हा मोजल्या. थर जागेवर होता, बदल गेला होता. तो पेप्टाइडमुळे नव्हताच, ते ज्या द्रावणात होतं त्यातल्या मिठामुळे होता. कोणी विचारलं होतं का? कोणीच नाही. मॅडमनी निबंध स्वतःहून मागे घेतला. प्रकल्प बंद पडला. शमुवेलकाका, तुम्ही त्यांना तिकडे बोलावत होतात. त्या गेल्या नाहीत. आजार कळला, तरी गेल्या नाहीत.

त्यांनी नव्याने सुरुवात केली. दोन पेप्टाइडं घेतली. घटक तेच, फक्त क्रम वेगळा. दोन्ही धुऊन मोजायची. गेल्या महिन्यात मी मोजली. एका क्रमाने वीज बदलली, दुसऱ्याने नाही. म्हणजे या वेळी बदल मिठामुळे नसावा, पेप्टाइडमुळेच असावा. मी तशीच हॉस्पिटलात धावले. मॅडमनी माझा हात धरला. म्हणाल्या, "आता हे दुसऱ्या कोणाच्या हातून होऊ दे. कुठलं पेप्टाइड कुठलं, ते त्यांना सांगू नकोस."

त्याच आठवड्यात त्या गेल्या.

मित्रहो, नमुने मी काल दुसऱ्या प्रयोगशाळेत पोचवले. कुठला कुठला, सांगितलेलं नाही, म्हणजे उत्तर आधीच मनात धरून कोणी मोजणार नाही. आपलं म्हणणं खरं ठरलं, तर छापू. खोटं ठरलं, तर तेही छापू, आणि प्रयोग पुन्हा मांडू. आमची प्रयोगशाळा उद्या सकाळी उघडतेय.

आता सगळे उभे राहू या. थोडा वेळ कोणीच काही बोलू नका.