टावरच्या खोलीतला झेंडू

आमचं घर मांडवगण फराट्यातलं, चार पिढ्यांचं, वडील सायकली दुरुस्त करायचे, आन् मला शफी म्हणत्यात. काय सांगू तुम्हाला, मोबाईलचा टावर म्हंजी लोकांना एकच वाटतो. तसं न्हाई. रानात जमिनीवर उभा ऱ्हातो तो उंच, दौंडला बिल्डिंगीच्या गच्चीवर बसवत्यात तो ठेंगणा, जत्रेत गर्दी झाली की ट्रकवर आणत्यात तो चाकाचा, आन् कारखान्यात भिंतीला मारत्यात ती बारकी पेटी. समद्यांवर काम केलंय मी. पण कंपनीतली नोकरी गेली ती त्या उंच टावरापायी.

गावात पहिला टावर आला तो आप्पांच्या रानात. आप्पा म्हंजी बडा बागायतदार, त्यांच्या घरी मी ल्हानपणापासून जेवलेला. टावरखाली मशिनची खोली, तिला दिवसरात एसी, आन् चावी माझ्याकडं. मग काय, उन्हाळ्यात कुणी लग्नाचं श्रीखंड आणून ठेवी, कुणी गाईची इंजेक्शनं, आन् मी येडा, ठेवा म्हणायचो. गावचं काम म्हणून.

दसऱ्याला दोन दिस होते. आप्पा आले, म्हणाले शफी, झेंडू तोडलाय, उद्या भाव चढंल, तवर राहू दे आत. मी म्हणालो आप्पा, फुलं ओली हायेत, मशिनला पाणी चालत न्हाई. तर म्हणाले रान कुणाचं हाय रं. दिली चावी. तिथंच चुकलो मी.

सकाळी फोन बंद, समद्या गावाचे. पुण्याहून कंपनीचे साहेब आले, दार उघडलं तर क्रेटांवर क्रेट, पाणी ठिपकत मशिनमदी गेलेलं. साहेब म्हणाले ही फुलं कुणाची. आप्पा माझ्या शेजारी उभे, म्हणाले मला काय ठावं, चावी शफीकडं असती. चाळीसेक माणसं होती वो भवती! श्रीखंडवाला होता, गाईवाला होता. एकाचं तोंड उघडलं न्हाई. मीच बोललो, आप्पांची हायेत म्हणून, तर साहेब म्हणाले साक्षीला कोण. त्याच दिशी मला काढला.

तवापास्नं रांजणगावला हाय, एका कारखान्यातल्या पेट्या बघतो. गावात कुणाच्या लग्नाला जात न्हाई. गेल्या साली आप्पा वारले. त्यांचा पोरगा दारात आला, म्हणाला शफीभाई, जाताना तुमचं नाव घेत होते, आता तरी माफ करा. मी गेलो, खांदा दिला, ल्हानपणी जेवलोय त्या घरात. पण माफ केलं न्हाई, आन् करणार बी न्हाई. तसंच लिवा तुम्ही, गोड करू नका.