ह्यांना कोण सांगणार

— नाही नाही, हलू नकोस, वरची कातडी वर ओढून धर, खालची खाली — हां, तश्शी — आणि तू तरी नको गं त्या अमेरिकेच्या रिझल्टचं काढूस. बुधवारपासून या खुर्चीत जी बसते ती तेच काढते. एक बाई आली ती रडायलाच लागली, आता जगाचं काय होणार म्हणून. भुवया करताना आधीच डोळ्यांतून पाणी येतं, त्यात हे — मला कळेना, दोऱ्यामुळे रडतेय की निकालामुळे. तिच्यामागून दुसरी आली ती एकदम खूश, शेअर्स वर गेले म्हणे. डेमोक्रसी, पॉलिसी, राइट्स — सगळं इथे लंडनमध्ये, माझ्या पिनरच्या घराच्या या पुढच्या खोलीत बसून. मी आपली म्हणते, हो का, बरं, ओठ आत घ्या. दमले मी. खरंच दमले गं कस्तुरी.

दुखलं? सॉरी. हात आज जरा जोरात चालतोय. पूर्वी बरं होतं, दोरा दातात धरायचे, तोंड बंद राहायचं. कोविडनंतर मानेत अडकवायला लागले आणि तेव्हापासून बोलतच सुटते बघ.

कोण, मायरा? हो, आहे की, वरच्या खोलीत आहे. दिवाळीला आली ना! लग्नानंतर पहिल्यांदा दिवाळीला आली, केवढं कौतुक — चकल्या केल्या, परीक्षित नॉटिंगहॅमहून आला, भाऊबीजेला ओवाळलं तिने त्याला. आणि आज दुपारची फ्लाइट तिची. येताना बाहेर हे दिसले असतील तुला, गाडीची काच पुसत होते — ते तिला हीथ्रोला सोडायला. बॅग तेवढी खाली यायचीय... कसली बॅग. भरलीच नाहीये तिने. सकाळी मला म्हणाली, आई, मी परत जात नाहीये. बाबांना तू सांग. मी म्हटलं, सांगते. खाली आले, हे टायरमधली हवा बघत होते, आणि मी काय केलं? तुला मेसेज केला. की संध्याकाळी पार्टी आहे ना तुझी, मग आत्ताच ये, मोकळी आहे मी. मोकळी म्हणे!

नाही गं, मारतबिरत नाही. काहीतरीच काय. गंधार चांगला मुलगा आहे, हेच तर अवघड आहे. तिकडे अमेरिकेतच जन्मलेला, पण माझ्याशी मराठीत बोलतो, मोडकंतोडकं का होईना — ‘आई, तुमचा भाजी मस्त झाला’ म्हणतो. वाईट असता तर सोपं होतं, चार शिव्या घातल्या असत्या.

उन्हाळ्याच्या आधी तिला दिवस गेले होते. माहीत नाही तुला, कुणालाच सांगितलं नव्हतं. चौथा महिना होता आणि अचानक पाणी गेलं. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाला, बाळ वाचणार नाही. पण ठोके आहेत अजून, म्हणून आत्ता काही करता येत नाही. त्यांच्या त्या राज्यात गर्भपाताचा कायदा बदललाय ना. आता त्या डॉक्टरला काय करायचं ते माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण त्याला आधी वकिलाला विचारायचं होतं. माझी पोर तापाने फणफणलेली, आणि कुठल्यातरी ऑफिसात वकील कागद वाचतोय. गंधार तिचा हात धरून बसला होता. रडत होता. ते मी त्याच्याकडून काढून घेणार नाही, रडत होता तो.

मग ही घरी आल्यावर त्याला म्हणाली, मला मत नाही, तुला आहे. तुझं एक मत माझ्यासाठी दे, त्या कायद्याच्या विरोधात. एवढंच. दुसरं काही मागितलं नाही तिने त्याच्याकडे — ना घर, ना दागिने. तिला खरंच मत नाही गं, ग्रीन कार्ड आहे नुसतं, इतकी वर्षं टॅक्स भरते, पण मत नाही. मला तर नवल वाटतं. मी नागपूरहून इथे आले तेव्हा बसचं तिकीट मागायची भीती वाटायची मला, पासपोर्ट भारताचा, आणि कौन्सिलचं कार्ड दारात हजर — या, मत द्या! आपल्या पासपोर्टवर चालतं इथे. तुलाही आहे की मत, यादीत नाव घातलंस का? घाल गं. आळस करू नकोस.

तर तो म्हणाला, बघू. आणि ही ‘बघू’ला ‘हो’ समजली. बायका समजतात.

बुधवारी सकाळी हे चहा करत होते. रिझल्ट कळल्याबरोबर ह्यांनी गंधारला फोन लावला, स्पीकरवर — काँग्रॅच्युलेशन्स, आपला माणूस आला! सासरे-जावयाचं फार जमतं, तासन्‌तास बोलत असतात. तो म्हणाला, थँक्यू बाबा. आणि मायरा जिन्यात उभी, तोंडात टूथब्रश. मी बघितलं तिच्याकडे. ह्यांनी नाही बघितलं, हे साखर शोधत होते.

मग तिने वरून व्हिडिओ कॉल करून त्याला विचारलं. खोटं नाही बोलला तो, तेही आहे. म्हणाला, बिझनेस आहे, टॅक्स आहे, दहा गोष्टींचा विचार करावा लागतो, तुझी त्यातली एक. आणि राजकारण घरात आणू नकोस. ती काय म्हणाली माहितेय? मी नाही आणलं गंधार, ते माझ्या खाटेपाशी येऊन उभं राहिलं होतं. मी दाराबाहेर होते, ऐकलं.

हे म्हणणार, चार वर्षांचा तर प्रश्न आहे, सरकारं काय, येतात जातात. पण तिला आता पस्तिसावं लागेल, कस्तुरी. तिला मूल हवंय. आणि तिथे पुन्हा दिवस जाण्याची तिला भीती वाटते. ह्यांना यातलं काहीच माहीत नाही — मिसकॅरेज झालं एवढंच माहितेय. वकिलाचं मी सांगितलं नाही. बीपी आहे म्हणून. म्हणजे — बीपी आहेच, पण —

ताणून धर, सैल पडलं. — मी तिला काल समजावायला गेले. म्हटलं, अगं, नवऱ्याने मत कुणाला दिलं हे विचारायचंच कशाला? मी कधी तुझ्या बाबांना सांगितलंय का मी... काही नाही. काही नाही गं. बरं, आता तोंडातून गेलंच. कुणाला बोलू नकोस. आम्ही दोघं चालत जातो मत द्यायला, त्या कोपऱ्यावरच्या शाळेत. वाटेत हे सांगतात फुली कुठे मारायची. मी हो म्हणते. आणि आत फळीच्या आड ती दोरीला बांधलेली पेन्सिल घेते आणि मारते भलतीकडेच. वर्षानुवर्षं! एकदा ह्यांचा माणूस पडला, हे जेवेनात, आणि मी आपली वरणभात वाढतेय — जाऊ द्या हो, मनाला लावून घेऊ नका! हसतेस काय. मलाही हसू यायचं.

मायरा नाही हसली. म्हणाली, म्हणजे आई, तुला फक्त त्या फळीच्या आडच बोलता येतं? आणि मीही तसंच राहू?

लागलं मला ते. फार लागलं. रात्रभर मनात हेच, की मी सुखाने राहिले, भांडण नाही, तंटा नाही, आणि पोरीला दाखवायला माझ्याकडे काय आहे — एक गुपित. बस. तिला आता तेवढंच हवंय माझ्याकडून, की तिच्या बाजूने कुणीतरी मोठ्याने बोलावं. नवऱ्याकडे मागितलं, त्याने दिलं नाही. मग माझ्याकडे मागितलं, तर मी तुला —

हॉर्न. ऐकलास? हेच. उशीर झाला की वाजवतात.

पुन्हा.

हात काढ, ऊठ. अगं ऊठ म्हणते ना! माहितेय मला एकच झालीय, दुसरी झाडासारखी वाढलीय, रुमाल बांध, गॉगल लाव, काहीही कर, चारला ये, करून देते. नाही, पैसे नकोत. नको म्हटलं ना. चप्पल घाल आणि मागच्या दाराने जा — पुढच्या दाराने मला जायचंय. आणि तू तिथे उभी असलीस तर मी परत दुसरंच काहीतरी बोलेन, ओळखते मी स्वतःला. जा गं बाई, जा!

अहो! इंजिन बंद करा. — नाही, ती येत नाहीये खाली. — बंद करा आधी, मग सांगते. — नाही, हळू बोलणार नाही. ऐकू देत शेजाऱ्यांना.