टेकडीच्या पल्याड

पूनम : चहा तरी घ्या, आत्या. सकाळपासून नुसतं 'घरी चला, घरी चला' लावलंय.

सगुणाबाई : मग काय म्हनू? निमोण्यात स्लॅबचं घर हाय, पलंग हाय. ते सोडून लेकानं ह्या कापडाच्या तंबूत निजवायला आनलं. उभा जलम पालात गेला माजा, सूनबाई. आता ह्याची कसली हौस?

पूनम : चैत्रात असा पाऊस लागंल हे कुणाला ठाऊक? कंपनीत भांडून सुट्टी काढली त्यांनी, तुमच्यासाठी.

सगुणाबाई : माज्यासाठी? म्या कवा म्हनलं, मला कोकनात न्या?

पूनम : रोज तर पोरांना दर्याच्याच गोष्टी सांगता. हे म्हणाले, आयेचा जीव तिकडंच अडकलाय, एकदा नेऊन आणू.

सगुणाबाई : अगं माजे बाई! त्या समद्या गोष्टी माज्या मालकाच्या, मल्हारच्या आबाच्या. गडीमानसं दर्यावर आंघुळीला जायची, खारट अंगानं परत यायची, आन् जेवताना सांगत बसायची.

पूनम : आणि तुम्ही?

सगुणाबाई : मेंढरं घेऊन कोकनात उतरलं की भाताच्या वावरात बसवायची, शेतकऱ्याला खत मिळाया. वावरं ह्या टेकडीच्या अल्याड, दर्या पल्याड. पानी आना, भाकरी थापा, कोकरं राखा. उजाडलं की घोड्यावर बिऱ्हाड लादून म्होरलं वावर गाठा. कुठला दर्या आन् कुठलं काय!

पूनम : म्हणजे तुम्ही कधीच...

सगुणाबाई : आवाज ऐकलाय की. रोज. आत्ताबी येतोय बघ.

पूनम : अन् कुणाला बोलला नाहीत?

सगुणाबाई : कुनी इचारलंच न्हाई. दर्याकाठी ऱ्हायलेल्या बाईला कोन इचारतंय, दर्या बघितला का म्हनून? जाऊ दे. आता गुडघंबी गेलं.

मल्हार : (आत येत) चला, आवरा! तंबूत पानी शिरलंय. गाडी रोडला लावलीय. आये, तुजंच खरं. जाऊ घरी.

पूनम : आधी टेकडीवर जाऊ. आत्यांना दर्या बघू दे.

मल्हार : ह्या पावसात? येडी का तू? आयेला काय त्याचं नवल! ढीग बघितलाय तिनं.

पूनम : आत्या, सांगा की.

सगुणाबाई : दमले गं मी. काय सांगू?

पूनम : मग मी सांगते.

सगुणाबाई : थांब. मल्हारा, म्या न्हाई बघितला रं.

मल्हार : काय न्हाई बघितला?

सगुणाबाई : दर्या. एकदाबी न्हाई.

मल्हार : अगं, पन ते शिंपलं, त्या लाटा... मला भरवताना सांगायचीस की!

सगुणाबाई : तुज्या आबाचं समदं. त्यो गेल्यावर कुनीतरी सांगाया पायजे व्हतं का नको?

मल्हार : ...चल. बस माज्या पाठीवर.

सगुणाबाई : गप. दोघंबी चिखलात पडू. नुसता हात दे.

(तिघं टेकडी चढून जातात.)

मल्हार : हळू, आये. निसरडं हाय. हां... त्यो बघ.

पूनम : दिसला का, आत्या?

सगुणाबाई : एवढ्या जवळ व्हता व्हय.