ठणकावून सांगितल्याची नोंद

...आणि वर भाची मलाच विचारते, "मामा, सुरक्षित हवंय ना?" अहो, सुरक्षित हवं म्हणून माणूस दाराला कुलूप लावतो, स्वतःला भिंतीत चिणून घेत नाही! तुम्हाला सांगतो मंडळी, तुम्ही सगळे आपल्याच कचेरीतून निवृत्त झालेले, म्हणून सांगतो... चौतीस वर्षं कारकुनी केली, पण माळ्यावरून काढलेल्या एका जुन्या कॉम्प्युटरने मला जेवढं नमवलं तेवढं कुठल्या साहेबाला जमलं नाही.

साहेब म्हणजे आपले मोठे साहेब. त्यांच्यापासूनच तर सुरू झालं सगळं. निवृत्त झाल्यावर मी आठवणी लिहायला घेतल्या. तिसऱ्या प्रकरणात माझं वाक्य होतं, 'मी साहेबांना ठणकावून सांगितलं.' एका सकाळी बघतो तर, 'मी साहेबांना सांगितलं.' म्हटलं, बोट लागलं असेल कुठेतरी. पुन्हा ठणकावलं. आठवड्याने बघतो, 'मी साहेबांना सांगणार होतो.' पुढच्या सोमवारी, 'सांगणार होतो, पण तेवढ्यात पाऊस आला.' आता घरात माणसं किती? मी आणि ही. आणि ही कोण? त्याच कचेरीतली टंकलेखिका. पण पुराव्याशिवाय बोलायचं नाही ही आपली शिस्त, आणि पुरावा असला तरी हिच्याशी बोलायचं नाही हा आपला अनुभव.

माझी भाची कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिला फोनवर सांगितलं, माझ्या मजकुरात कुणीतरी हात घालतंय. ती म्हणाली, जुन्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स घाला, त्यावर गिटचा, म्हणजे बदलांच्या नोंदवहीचा, सर्व्हर उभा करा. मग कुणी बदललं, कधी, काय आणि का, सगळ्याची कायमची नोंद. सांगा, ज्याची हयात आवक-जावक नोंदवण्यात गेली त्याला हे ऐकून काय वाटेल? मला तर भरून आलं.

माळ्यावरचं मशीन काढून बसलो. त्याने पासवर्ड मागितला. टाइप करतोय तर पडद्यावर अक्षर नाही, टिंब नाही, काही नाही... कीबोर्ड उलटा करून झटकला, बिस्किटांचा चुरा पडला, अक्षर काही पडेना. भाची म्हणते, दिसणारच नाही, मामा, सुरक्षित हवंय ना? मग म्हणाली, पासवर्ड बंदच करा, चाव्या करा. चाव्या दोन! एक सर्व्हरला द्यायची, ती जगाने पाहिली तरी चालते. दुसरी मात्र मामीलाही दाखवायची नाही. म्हटलं बाई, लग्नानंतर अशी एकही वस्तू मला ठेवता आलेली नाही. मग फायरवॉल. म्हणजे यंत्राची सगळी दारं लावायची, आपल्यापुरतं एक सोडून. मी उत्साहाच्या भरात तेही सोडलं नाही. इकडच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून हाका मारतोय, सर्व्हर ओ देईना. शेवटी उठून तिकडच्या खोलीत गेलो आणि त्याच्यापुढे बसून दार उघडून आलो. भाची हसतेय. सुरक्षित हवंय ना?

शेवटी तिने विचारलं, मूळ प्रतीतला बदल मंजूर कोण करणार, तुम्हीच ना? आणि तुम्हाला सांगतो, इथे माझ्यातला कारकून ताडकन उभा राहिला. आपल्याच टिपणीवर आपलीच मंजुरी? कुठल्या नियमात बसतं हे? मी बाणेदारपणे म्हटलं, मी फक्त सादर करणार, मंजुरी दुसऱ्याने द्यायची. आता घरात दुसरं... हं. तुमच्या लक्षात आलं. माझ्या तेव्हा नाही आलं. जिच्यावर संशय तिच्याच हाती मी शिक्का दिला, रीतसर, स्वतंत्र चावीसकट!

पहिल्याच दिवशी 'ठणकावून' सादर केलं. दुपारी परत. शेरा, 'असे घडले नाही. मी तिथेच डिक्टेशन घेत होते.' दुसऱ्यांदा सादर केलं, 'नम्रपणे, परंतु ठणकावून.' शेरा, 'आवाज फुटला नव्हता.' तिसऱ्यांदा शेरा, 'चर्चा करावी.' गेलो चर्चेला, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. ही भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, साहेबांच्या खोलीत ओरडणारे पुष्कळ होते. तुम्ही एकटे गप्प होतात, म्हणून तर मी होकार दिला."

झाली चर्चा.

भाचीला फोन केला, म्हटलं, निदान ते शेरे तरी पुसून दे. ती म्हणाली, तुमच्याकडचे पुसाल, मामा, पण गिटमध्ये प्रत्येकाकडे पूर्ण प्रत असते, मामीच्या प्रतीत सगळं आहे, सुरक्षित हवं होतं ना?

तर मंडळी, ते प्रकरण आज तुमच्यापुढे वाचायचं कबूल केलं होतं. सोळा पानं होती. अकरा वेळा सादर केलं, काल मंजूर होऊन आलं. जसंच्या तसं वाचतो, अक्षराचा फरक केला तर तिसऱ्या रांगेतून हात वर होईल. 'साहेबांनी बोलावले. मी गेलो. मी गप्प राहिलो.'

संपलं. बसू का मी आता?... नाही, तुम्हाला नाही विचारलं.