झोंबायचं तेवढं कळायचं

माझं माहेर सोनगीरचं, सासर इथं धरणगावले. आईच्या हाताखाली मिरच्या कुटता कुटता मोठी झाली, अन् आज तीसेक वर्षं झाली, लग्नाकार्यात शेवभाजी मीच करते, काळा मसाला बी माझाच. तुम्ही विचारता तिखट वेगळं अन् झोंबणं वेगळं कसं, तं भाऊ, तिखट लागतं जिभेले, अन् झोंबतं ते कुठंही, डोळ्याले झोंबतं, कापल्या बोटाले झोंबतं, कोणी टोचून बोललं तं ते बी झोंबतं. मले हे कळलं चव गेली तेव्हा.

करोनाच्या साथीत ताप आला, अन् जाताना चव, वास दोन्ही घेऊन गेला. काय सांगू तुम्हाले, गूळ खाल्ला तं माती, कारलं खाल्लं तं माती. मिरची तेवढी झोंबायची, नुसती आग. मी म्हटलं, देवानं एवढं ठेवलं ना, बस झालं, कोणाले सांगायचं नाही. रांधणारीचीच जीभ गेली म्हटल्यावर बोलावतं कोण? मसाला ओठाले लावायचा, किती झोंबतो ते पाहायचं, मीठ अंदाजानं. दोन-चार लग्नं निभावली तशी.

सून माझी सरला, माझ्याच हाताखाली काम करते. तिले मी काय काय नाही बोलली, तुझी जीभ आहे का चामडं, तुले आळणी-खारट काही समजत नाही. तोंड फटकळ आहे माझं, खोटं कशाले सांगू.

मग जळगावच्या एका लग्नात खोबरं करपलं. मले वास कुठला? अन् काळा मसाला, करपला तरी काळाच. सरलानं चाखलं, कानाशी येऊन म्हणे, अक्का, बठ्ठा मसाला करपी गया, सगळाच, रस्सा कडूजहर शे. मी बायांदेखत चिडली, तू शिकवशील का मले, अन् वाटीभर रस्सा तिच्यासमोर प्यायली, म्हटलं, काय व्हयनं याले, काय झालं, चांगला तं शे. तोंड वाकडं झालं नाही माझं. समजली ती.

मी मनात म्हटलं, आता ही सांगणार, अन् सांगितलं तं तिचं काय चुकलं असतं, एवढी वर्षं बोलणी खाल्लेली तिनं. तेवढ्यात नवरीचे वडील आले, काय झालं, काय झालं. तं ही म्हणे, आबा, मसाला माझ्या हातून करपला, अक्काले माहीत नाही, अर्धा तास द्या. पातेलं उतरवलं अन् नवा मसाला भाजायले बसली. मी गुपचूप कांदे चिरायले घेतले, डोळ्याले पाणी आलं तं कोणी विचारायले नको.

तेव्हापासून करते मी, चाखते ती.

या पाडव्याले निंबाचा पाला तोंडात टाकला अन् अगं माय, कडू! इतक्या वर्षांनी कडू लागलं, मी आणखी दोन पानं खाल्ली. आता मीठ बी कळतं. सरलाले सांगितलं नाही. सांगितलं तं म्हणेल, आता तुमचं तुम्ही पाहा. भाजी उकळली का पळी तिच्याच हातावर धरते, सांग बाई, मीठ झालं का. ती म्हणते, झालं. कधी जरा कमीच असतं. मी तशीच वाढते.