कथेला विषय मिळाला

...आणि बोलला कधी, तर माझे हात धुऊन झाल्यावर. तुम्हाला सांगतो, सर्जनने ऑपरेशनसाठी हात धुतले की ते त्याचे राहत नाहीत, नाक खाजलं तरी दुसऱ्याला सांगावं लागतं, आणि मी असा दोन्ही हात वर करून, शरण आल्यासारखा, पित्ताशयाच्या साध्या ऑपरेशनला निघालेला, तेवढ्यात सिस्टरने माझ्या कानाला फोन लावला. वहिनी. "भावजी, हे गेले हो." माझा दादा. डोळेही सिस्टरनेच पुसले. आणि आमचा भूलतज्ज्ञ, ज्याला अख्खं हॉस्पिटल 'अंगाई' म्हणतं, तो हळूच म्हणतो, "वाईट झालं. पण चला, कथेला विषय मिळाला तुम्हाला."

विषय? दादा दर फोनला विचारायचा, "आमच्यावर कधी रे लिहिणार?" मी म्हणायचो, "लिहीन की." तो दादा आता विषय? तिथेच एक ठेवून दिली असती, पण हात धुतलेले... सोडणार नाही मी त्याला.

दादाला पोचवून आलो आणि बसलो लिहायला. पेशंटच्या आधी स्वतःच घोरणारा भूलतज्ज्ञ, टकलासकट रंगवला. छापून आली कथा. दुसऱ्या दिवशी हा अंकांचा गठ्ठा घेऊन हजर. "डॉक्टर, हा मीच ना? पेशंटला आधी हीच वाचायला देतो, औषध निम्मं लागतं."

आता सांगा, माणसाने सूड घ्यावा तरी कसा? दुसऱ्या कथेत त्याला पत्त्यांत लबाडी करणारा, पळपुटा केला. तर म्हणे, "बाकी झकास, टक्कल तेवढं कमी करा." सोडणार नाही मी त्याला...

तिसऱ्या कथेत मारलाच. चांगला चार पानं मारला. मारता मारता त्याच्या अंगात दादाचा उसवलेला स्वेटर कसा आला, कोण जाणे, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायची सवयही आली, आणि शेवटी तो फोन...

काल हा आला. गठ्ठा नाही, थट्टा नाही. माझे हात धुऊन झालेले, वर धरलेले. म्हणाला, "बायको रडली हो वाचून. म्हणते, सख्ख्या भावावर लिहावं तसं लिहिलंय तुमच्यावर."

सिस्टरला म्हटलं, डोळे पूस.

त्याच्यावर तीन कथा झाल्या. दादावर अजून एक ओळ लिहिलेली नाही.